दिवाळीच्या भेटीसाठी मुलांच्या हातची नानकटाई

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

मुलांना हाताशी घेऊन घरी काय करता येईल, जे आजी-आजोबांना किंवा भाऊबिजेला मामाकडे नेता येईल, असे दिवाळीच्या तोंडावर अनेक ग्राहक विचारतात. आम्ही नानकटाई सुचवतो, कारण चकली-करंजीप्रमाणे येथे उकळत्या तेलाशी गाठ पडत नाही आणि ओव्हनपर्यंतचे बहुतेक काम मुलांना जमते. माप आणि आच मात्र मोठ्यांनी स्वतःकडे ठेवावी. आकार मुलांवर सोपवावा.

साधारण 25 नगांसाठी 200 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम बेसन, 125 ग्रॅम पिठीसाखर, 135 ग्रॅम साजूक तूप, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, चिमूटभर मीठ आणि वेलचीपूड घ्यावी. वाटीत मैदा कधी सैल तर कधी दाबून भरला जातो, म्हणून शक्यतो काट्यावर मोजावे.

खरी मेख तुपात आहे. तूप थिजलेले हवे. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते पातळ झाले असेल, तर थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावे, नाहीतर नानकटाई ट्रेवर पसरून चपटी होते. परातीत तूप आणि पिठीसाखर घेऊन तळहाताने इतके फेसावे की मिश्रण पांढरट व हलके व्हावे. हे काम मुले आळीपाळीने आनंदाने करतात, आणि कोपरापर्यंत तूप माखणार हे गृहीत धरावे. नंतर कोरडे जिन्नस चाळून घालावेत व फक्त गोळा जमेल इतपतच एकत्र करावे, कारण मळत राहिल्यास खुसखुशीतपणा जातो. कच्च्या पिठात जंतू असू शकतात, तेव्हा गोळा चाखू देऊ नये.

मुलांनी वळलेले गोळे लहानमोठे होणारच. ते पुन्हा वळून सारखे करण्याऐवजी एका ट्रेवर एका मापाचे ठेवावेत, म्हणजे लहान आधी करपत नाहीत. दोन गोळ्यांत दोन बोटांचे अंतर राखून वर चारोळी किंवा पिस्त्याचा काप दाबावा.

ओव्हन 160 अंशांवर दहा मिनिटे आधी तापवून मधल्या कप्प्यात 18 ते 20 मिनिटे भाजावे. मायक्रोवेव्ह असल्यास कन्व्हेक्शनच वापरावे. तळ बदामी झाला आणि वरची बाजू फिकीच राहिली, की ट्रे बाहेर काढावा. गरम नानकटाई मऊ लागते. ती कच्ची समजून पुन्हा आत ठेवली जाते आणि मग ‘कडक झाली’ अशी तक्रार आमच्याकडे येते. ट्रेवरच दहा मिनिटे राहू द्यावी, म्हणजे उचलताना तुटत नाही.

पूर्ण थंड होण्याआधी डबा भरू नये, अन्यथा आतल्या वाफेने सगळी सादळते. थरांमध्ये बटर पेपर घालावा आणि कुरिअरने पाठवायची असल्यास रिकामी जागा चुरगळलेल्या कागदाने भरावी. डब्यावरची चिठ्ठी मुलांकडूनच लिहून घ्यावी, परंतु तीत केल्याची तारीख तसेच मैदा, तूप, पिस्ता यांचा उल्लेख असावा. कोणाला कशाची ॲलर्जी आहे हे आपल्याला ठाऊक असतेच असे नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात ती दोन आठवडे चांगली राहते.

घरी ओव्हन नसल्यास काही बेकऱ्या ग्राहकांचे जिन्नस घेऊन नानकटाई भाजून देतात. मुलांनी वळलेले गोळे तसेच भाजून मिळतील का, हे मात्र आधी विचारून घ्यावे, कारण वसुबारसेपासून भट्टीला उसंत नसते.