एटी कमांड आणि एका सेकंदाचे पेटंट

१९८१ पूर्वी घरगुती संगणकाच्या मोडेमला, म्हणजे संगणक फोनच्या तारेला जोडणाऱ्या यंत्राला, आज्ञा द्यायची म्हणजे बहुधा माणसानेच राबायचे. नंबर हाताने फिरवायचा आणि पलीकडून शिट्टी आली की फोनचा रिसीव्हर मोडेमच्या कपलर नावाच्या खोबणीतल्या रबरी कपांत दाबून बसवायचा. मोठ्या संगणकांसाठी आपोआप डायल करणारी यंत्रे होती, पण त्यांना वेगळा पोर्ट आणि वेगळी केबल लागे. अमेरिकेत संचार आयोगाच्या १९६८च्या निर्णयाने बाहेरची उपकरणे फोनच्या जाळ्याला जोडायची वाट मोकळी झाली. पुढच्या दशकाच्या उत्तरार्धात नोंदणीकृत उपकरण थेट भिंतीतल्या सॉकेटला लावता येऊ लागले.

१९८१ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या हेज या छोट्या कंपनीने सेकंदाला ३०० बिट पाठवणारा मोडेम आणला. त्यात मायक्रोप्रोसेसर होता आणि एकच सीरियल केबल दोन्ही कामे करी. जोडणी होईपर्यंत आलेली अक्षरे ही आज्ञा, झाल्यावर आलेली अक्षरे हा मजकूर. प्रत्येक आज्ञेच्या सुरुवातीला येणारी एटी ही इंग्रजी अक्षरांची जोडीही सोयीची होती. ए पाठवताना स्टार्ट बिटनंतर, म्हणजे अक्षर सुरू झाल्याच्या खुणेनंतर, लगेच १ येतो, त्यामुळे एका बिटाला किती वेळ लागला ते मोजून संगणकाचा वेग ओळखता येतो. एमध्ये १ दोनदा येतो, टीमध्ये तीनदा, म्हणून या दोन अक्षरांवरून पॅरिटीसुद्धा (चूक पकडायला जोडलेला बिट कसा ठरतो ते) कळते. एटीडीटी म्हणजे टोनने नंबर फिरव, एटीएच म्हणजे फोन ठेव, एटीझेड म्हणजे मूळ स्थितीत ये.

घोडे अडले ते परतीच्या वाटेवर. जोडणी चालू असताना फोन ठेवायचा असेल तर मोडेमला ते सांगायचे कसे? टाइप कराल ते सगळे पलीकडे जाणार. डीटीआरच्या, म्हणजे संगणक तयार असल्याचे मोडेमला कळवणाऱ्या तारेवरचा इशारा बंद करणे हा एक उपाय होता, पण बऱ्याच केबलींत ती तारच जोडलेली नसे. म्हणून +++ हा इशारा ठरला. आता +++ एखाद्या फाइलमध्येही असू शकते. त्यावर तोड अशी काढली की या तीन चिन्हांच्या आधी एक सेकंद आणि नंतर एक सेकंद काहीही येता कामा नये. फाइल अखंड वाहत असते, तिच्यात नेमक्या त्याच जागी दोन्हीकडे शांतता पडणे जवळजवळ अशक्य. ही मुदत मोडेमच्या एस१२ रजिस्टरमध्ये (आकडा साठवायच्या जागेत) सेकंदाच्या पन्नासाव्या भागांत लिहिलेली असते आणि मूळ आकडा ५० असतो. माझ्या मते पूर्ण संचातली ही सर्वात हुशार गोष्ट.

१९८५ मध्ये नेमक्या या शांततेवर पेटंट मिळाले. आज्ञांवर कोणाचा हक्क नव्हता. त्या सगळ्यांनीच उचलल्या, आणि मूळ कंपनीच्या नावाला ‘कॉम्पॅटिबल’ जोडून ते खोक्यावर छापणे ही रीतच पडली. सेकंदभर गप्प राहण्यासाठी मात्र परवाना हवा होता. काहींनी तो घेतला, काही कोर्टात भांडले. ज्युरीचा कौल पेटंटच्या बाजूने गेला आणि १९९२ मध्ये अपिलातही टिकला.

परवाना टाळणाऱ्यांनी मग वेळेवर न विसंबणारा पर्याय काढला. +++ च्या मागोमाग एटी, वैध आज्ञा आणि एंटर आला की मोडेमने तो इशारा मानायचा, शांतता असो वा नसो. वाटेत मजकूर थोडा वेळ साठवून ठेवणारे बफर असले की सेकंदाची खात्री देता येत नाही, हा त्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. पण एवढी लांब ओळ फाइलमध्ये योगायोगाने येणार नाही, या भरवशावर सगळे उभे होते, आणि मुद्दाम कोणी ती पाठवली तर काय, याचा विचार राहून गेला.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते घडलेच. एखाद्याच्या इंटरनेट पत्त्यावर पिंगचे, म्हणजे पलीकडचा संगणक उत्तर देतो का ते तपासणारे पॅकेट पाठवायचे आणि पोटात +++एटीएच० व एंटर भरायचे. पिंगमध्ये आलेला मजकूर जसाच्या तसा परत करायचा असतो. परत जाताना तो त्याच माणसाच्या मोडेममधून जाई आणि मोडेम मुकाट्याने फोन ठेवून देई. शांतता पाळणारे मोडेम ढिम्म राहिले. बाकीच्यांना एटीएस२=२५५ लिहून हा इशाराच बंद करावा लागला.

या आज्ञांची आंतरराष्ट्रीय शिफारस १९९५ मध्ये आली, आधी व्ही.२५टेर आणि पुढे व्ही.२५० या क्रमांकाने. तोवर उशीर झाला होता. ज्याने त्याने &, % आणि \ यांच्यामागे स्वतःच्या आज्ञा लावल्या होत्या. कॉम्प्रेशन बंद करायला एका मोडेमला &के० लागे, दुसऱ्याला %सी०. इनिट स्ट्रिंगच्या, म्हणजे मोडेम सुरू करताना पाठवायच्या आज्ञांच्या ओळींच्या याद्या फिरत त्या यामुळेच. आयएसडीएन या डिजिटल फोनलाइनला संगणक जोडणाऱ्या टर्मिनल अडॅप्टरमध्ये टोन डायलिंगचा प्रश्नच नव्हता, तरी जुने सॉफ्टवेअर चालावे म्हणून ते एटीडीटी निमूट स्वीकारत. मजकूर पाठवायची पद्धत व्ही.११०, व्ही.१२० की पीपीपी हे निवडायची आज्ञा मात्र दर अडॅप्टरला वेगळी.

जीएसएम या मोबाइल फोनच्या मानकाने शिस्त आणली आणि + नंतर नाव ही पद्धत धरली. एटी+सीएसक्यू विचारले की सिग्नल ० ते ३१ मध्ये कळतो, ९९ म्हणजे मोजता आला नाही. एटी+सीएमजीएसने एसएमएस जातो. यूएसबी डोंगल आणि मीटरमधली मोड्यूल या आज्ञांवरच चालतात. फोनमध्येही हा दरवाजा उघडा राहिला. २०१८ मध्ये संशोधकांनी ११ उत्पादकांच्या २,००० हून जास्त अँड्रॉइड फर्मवेअर (फोनमध्ये मुळातच भरलेले सॉफ्टवेअर) प्रती उकरल्या, तेव्हा ३,५०० एटी कमांड सापडल्या. त्यांतल्या काही यूएसबी केबलवरून स्क्रीनचे कुलूप उघडत होत्या.