सीएसएसमधली चूक ब्राउझर गिळतो, त्यामागची गोष्ट

दादर-ठाण्याच्या वेब डिझायनिंगच्या क्लासांत पोरांना हे लवकरच कळतं. जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंग भाषेत कंस चुकला की कन्सोल, म्हणजे ब्राउझरची चुका दाखवणारी खिडकी, लाल होतो. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाचे रंग, अंतरं, अक्षरांचा आकार ठरवणाऱ्या भाषेत, सेमीकोलन राहिला तर पान निमूट उघडतं, फक्त कुठला तरी रंग आलेला नसतो. हा ब्राउझरचा आळस नव्हे. ते ठरवून झालेलं आहे.

हाकोन व्हिउम ली यांनी सीएसएसचा प्रस्ताव १० ऑक्टोबर १९९४ रोजी मांडला. पुढच्या वर्षी १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या शहरांत इंटरनेट सर्वांना खुलं केलं, तेव्हा बाजारातल्या एकाही ब्राउझरला सीएसएस येत नव्हतं. ली आणि बर्ट बॉस यांचं सीएसएस-१ डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाण ठरलं. त्यातच नियम होता: प्रॉपर्टी ('कलर'सारखं गुणाचं नाव) अनोळखी असेल किंवा व्हॅल्यू (तिला दिलेली किंमत, जसं 'लाल') चुकीची असेल, तर ते डिक्लरेशन, म्हणजे ही जोडी, लिहिलंच नव्हतं असं समजा. कारण साधं होतं. टायपिंगची चूक कुठली आणि दहा वर्षांनी येणारी नवी प्रॉपर्टी कुठली, हे जुन्या ब्राउझरला कळणार कसं? दोन्ही त्याला सारखीच परकी.

आता सेमीकोलनचंच बघा. 'कलर' लाल दिला, सेमीकोलन विसरला, खालच्या ओळीत 'मार्जिन' शून्य लिहिलं. ब्राउझर पुढचा सेमीकोलन येईपर्यंत सगळं 'कलर'चीच व्हॅल्यू धरतो, ती त्याला पटत नाही आणि दोन्ही ओळी जातात. मार्जिन बिचारं निर्दोष होतं.

खरा गोंधळ घातला तो नियम न पाळणाऱ्यांनी. जुना इंटरनेट एक्सप्लोरर एककाशिवायचे ('पीएक्स' वगैरे न लावलेले) आकडे आणि आधी हॅशचं (#) चिन्ह नसलेले रंगांचे कोडही चालवून घ्यायचा; लोकांनी त्याच भरवशावर साइट्स उभ्या केल्या. मग २००० साली मॅकवरच्या एक्सप्लोरर ५ ने डॉकटाइप (पानाच्या सुरुवातीची, ते कुठल्या नियमांनी लिहिलंय हे सांगणारी ओळ) बघून जुन्या पानांसाठी जुन्या सवयी चालवून घेणारा वेगळा 'क्वर्क्स मोड' ठेवला. तो आजही सगळ्या ब्राउझरांत आहे. एक्सप्लोरर ६ प्रॉपर्टीच्या नावाआधीचा अंडरस्कोर खपवून घ्यायचा, म्हणून डिझायनर मुद्दाम अंडरस्कोर लावून फक्त त्याच्यासाठी ओळी लिहीत. माझ्या मते ही हुशारी कमी आणि लाचारी जास्त होती. २००६ च्या सातव्या आवृत्तीत ती वाट बुजली.

चूक झाल्यावर नेमकं कुठवर वगळायचं, याची बरीच उत्तरं सीएसएस २.१ या नंतरच्या आवृत्तीने दिली. पुढे टॅब अ‍ॅटकिन्स आणि सिमों सापँ यांच्या सिंटॅक्स मॉड्यूलने (सीएसएसच्या लेखननियमांच्या दस्तऐवजाने) पार्सरची, म्हणजे ब्राउझरमधल्या सीएसएस वाचणाऱ्या भागाची, वाटचाल एकेक अक्षर घेऊन लिहून काढली. त्यामुळे आज मोडकी फाइलही क्रोम आणि फायरफॉक्स जवळपास सारखीच वाचतात.

आपल्याकडचा खास घोळ आकड्यांचा. सीएसएसमधल्या क्लासला (पानावरच्या घटकांच्या गटाला दिलेल्या नावाला) 'मथळा' असं देवनागरी नाव दिलं तर बिनधास्त चालतं. पण मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि फॉन्ट-साइझ या अक्षरांच्या आकाराच्या प्रॉपर्टीपुढे '१६' देवनागरीत पडलं, तर ब्राउझरच्या लेखी तो आकडा नसतोच, शब्द असतो. ओळ जाते, आणि डोळ्यांना ती बरोबरच दिसत राहते.