समतोलाचे वैद्यक : चिनी उपचारपद्धतींची पार्श्वभूमी

अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया, मॉक्साचा शेक, पाठीवर लावल्या जाणाऱ्या तुंबड्या आणि वनौषधींचे काढे हे सर्व उपचार यिन आणि यांग या दोन परस्परपूरक तत्त्वांचा समतोल राखतात व ‘ची’ नावाच्या प्राणशक्तीचा प्रवाह मोकळा करतात, असे चिनी वैद्यकाचे एकसंध चित्र आज जगभर मांडले जाते आणि त्यामागे पाच हजार वर्षांची अखंड परंपरा असल्याचे सांगितले जाते. उपलब्ध पुरावा मात्र वेगळी हकिकत सांगतो. हे वैद्यक थराथराने घडत गेले. त्याचे सर्वांत जुने लिखित थर सुमारे २,२०० वर्षांपूर्वीचे आहेत, तर त्याला सध्याचा आकार देणारा थर १९५० नंतरचा आहे.

हुनान प्रांतातील चांगशा येथे मावांगदुईच्या थडग्याचे १९७३ मध्ये उत्खनन झाले. इ.स.पू. १६८ मध्ये बंद झालेल्या या थडग्यात रेशमी कापडावर लिहिलेले वैद्यकीय मजकूर मिळाले. त्यांत शरीरातील ११ वाहिन्यांचे वर्णन आहे आणि त्या वाहिन्यांवर शेक देण्याचे उपचारही आहेत. परंतु वाहिन्यांवर सुया टोचण्याचा उल्लेख त्यांत नाही. मॉक्साच्या शेकासाठी वापरली जाणारी वनस्पती आपल्याकडील दवण्याच्या जातकुळीतील असून तिची वाळलेली, कुटलेली पाने त्वचेजवळ जाळली जातात. हा शेक सुयांच्या आधीचा असावा, असे या मजकुरांवरून दिसते. इ.स.पू. ११३ मध्ये मरण पावलेल्या लिऊ शंग या राजपुत्राच्या थडग्यात मात्र सोन्याचांदीच्या सुया सापडल्या आहेत.

साधारण याच काळात, म्हणजे हान राजवटीत, ‘हुआंगदी नेइजिंग’ या ग्रंथाची जुळणी झाली. पीतसम्राट (हुआंगदी) आणि त्याचा मंत्री यांच्या संवादाच्या रूपात तो लिहिलेला आहे. हा सम्राट पुराणकथेतील असून पाच हजार वर्षांचा दावा त्याच्याच नावावरून आला आहे. ग्रंथ एका हातचा नाही. परस्परांशी न जुळणारी मते त्यात शेजारी शेजारी नांदतात. तरीही समतोलाची कल्पना त्यात प्रथमच विस्ताराने मांडलेली दिसते, आणि ती कोठून आली असावी याचा माग ग्रंथातच आहे. इ.स.पू. २२१ मध्ये लढाऊ राज्यांचा शेवट होऊन चीन एका सत्तेखाली आला, तेव्हा राज्याचे आरोग्य कालव्यांवर, कोठारांवर आणि अधिकाऱ्यांच्या मेळावर अवलंबून होते. नेइजिंगमध्ये हृदय हा राजा आहे, फुप्फुस प्रधान आहे, यकृत सेनापती आहे, तर प्लीहा आणि जठर यांच्याकडे धान्यकोठारांचा कारभार आहे. एका अवयवाने मर्यादा ओलांडली किंवा एखादी वाहिनी तुंबली की रोग उद्भवतो. शतकानुशतकांच्या युद्धांतून बाहेर पडलेल्या समाजाने सुव्यवस्थेची आपली आस शरीरात पाहिली, हे स्पष्टीकरण मला सर्वाधिक पटते. रोग झाल्यावर उपचार करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणण्यासारखे आहे, असेही हा ग्रंथ बजावतो. हीच म्हण मराठीतही रुळलेली आहे, हे वाचताना आनंद होतो.

पुढील काळात या पायावर बांधणी होत गेली. तिसऱ्या शतकात हुआंगफू मी याने सुया टोचण्याच्या ३४९ बिंदूंची पद्धतशीर मांडणी केली. सोंग राजवटीत सम्राटाच्या आज्ञेवरून वांग वेइयी याने १०२७ च्या सुमारास मानवी आकाराच्या दोन कांस्यमूर्ती घडवून घेतल्या आणि त्यांच्यावर बिंदूंच्या जागी छिद्रे ठेवली. मूर्तीवर मेणाचा लेप देऊन आत पाणी भरत, आणि विद्यार्थ्याची सुई अचूक जागी गेली तरच पाणी बाहेर येई, अशी या परीक्षेची हकिकत परंपरेने जपली आहे.

तरीही ही वाटचाल सतत चढती नव्हती. १८२२ मध्ये दाओग्वांग सम्राटाने राजवैद्यांच्या संस्थेतून सुया आणि शेक हे दोन्ही उपचार हद्दपार केले. १९२९ मध्ये तर राष्ट्रवादी सरकारपुढे चिनी वैद्यकच क्रमाक्रमाने संपवण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा १७ मार्च रोजी देशभरातील वैद्यांचे प्रतिनिधी शांघायमध्ये जमले आणि प्रस्ताव रोखला गेला. याच दशकांत चंग दान-आन या वैद्याने शरीररचनाशास्त्राच्या आधारे बिंदूंची फेरमांडणी केली आणि बारीक सुयांचा पुरस्कार केला. आज आपण पाहतो ते अ‍ॅक्युपंक्चर बऱ्याच अंशी त्याच्या सुधारणांचे फळ आहे.

१९४९ नंतर साम्यवादी सरकारपुढे आधुनिक डॉक्टरांची तीव्र टंचाई होती. प्रचंड ग्रामीण लोकसंख्येला स्वस्त उपचार हवे होते आणि राष्ट्राला स्वतःचे असे विज्ञानही हवे होते. १९५५ मध्ये बीजिंगमध्ये चिनी वैद्यकाची संशोधनसंस्था सुरू झाली. १९५६ मध्ये बीजिंग, शांघाय, ग्वांगजौ आणि चंगदू येथे महाविद्यालये निघाली. त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तके तयार करताना जुन्या ग्रंथांतील विसंगत मते, तंत्रमंत्र आणि घराण्याघराण्यांतील भेद बाजूला सारून समतोलाचा एकच सुसूत्र सिद्धान्त उरवला गेला. परंपरेचा हा नवा अवतार कमी दर्जाचा आहे असे नव्हे, परंतु त्याला प्राचीन म्हणणे अचूक नाही.

पाश्चात्त्य जगाचे लक्ष वेधले गेले ते १९७१ मध्ये. अमेरिकी पत्रकार जेम्स रेस्टन यांच्यावर बीजिंगमध्ये अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. ती नेहमीच्या भुलीखालीच झाली होती. सुयांचा उपयोग नंतरच्या पोटदुखीसाठी केला गेला. त्यांचा लेख न्यूयॉर्क टाइम्समध्ये आल्यावर मात्र शस्त्रक्रियाच सुयांवर झाल्याचा समज पसरला. पुढे काटेकोर चाचण्या झाल्या. जर्मनीतील कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर शास्त्रोक्त बिंदूंवर सुया घेतलेल्यांपैकी ४७.६ टक्के, बिंदू सोडून वरवर सुया टोचलेल्यांपैकी ४४.२ टक्के आणि प्रचलित उपचार घेतलेल्यांपैकी २७.४ टक्के रुग्णांना आराम पडला होता. रुग्णांना मिळालेला आराम खरा होता. परंतु बिंदूंच्या नेमक्या जागेला त्याचे श्रेय देता येत नाही.

चिनी वैद्यकाने जगाला दिलेले सर्वांत निर्विवाद औषध समतोलाच्या सिद्धान्ताबाहेरून आले आहे. चौथ्या शतकातील गे होंग याने तापावर चिंगहाओ ही वनस्पती पाण्यात भिजवून, पिळून तिचा रस पिण्यास सांगितले होते. काढा उकळण्याचा त्यात उल्लेख नाही, हे हेरून तू यूयू यांनी कमी तापमानावर अर्क काढला. त्यातून हिवतापावरील आर्टेमिसिनिन हाती आले आणि २०१५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

भारताशी या विद्येचा संबंध १९३८ च्या वैद्यकीय पथकातून जुळला. चीनला गेलेल्या त्या पाच डॉक्टरांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे चोळकर होते. कोटणीस शल्यविशारद होते आणि १९४२ मध्ये चीनमध्येच निवर्तले. सुयांची विद्या भारतात आणली ती त्यांचे सहकारी बिजॉयकुमार बसू यांनी. १९५० च्या दशकाच्या अखेरीस ते पुन्हा चीनला जाऊन ती शिकले आणि कोलकात्यात त्यांनी उपचार सुरू केले. महाराष्ट्राने २०१५ च्या कायद्याने अ‍ॅक्युपंक्चरच्या शिक्षणाला व व्यवसायाला नियमनाच्या कक्षेत आणले.