पोपटाला मिरची झोंबत नाही

पेरू पिकायला लागले की व्हॉट्सॲपवर तो उपाय फिरायला लागतो: हिरव्या मिरच्या आणि लसूण वाटा, पाण्यात कालवा, गाळून फळांवर फवारा. पोपट, खारी, माकडं, सगळ्यांचा बंदोबस्त. शेजारच्या काकूंनी यंदा तो मनापासून केला. खार दोन दिवस फिरकली नाही. पोपट मात्र आले, पेरू कोरून अर्धे खाली टाकून गेले. काकूंना नवल वाटलं, मला काकूंचं. पिंजऱ्यातल्या पोपटाला डाळीबरोबर मिरची द्यायची, हे आपल्याकडे लहान पोरालाही ठाऊक होतं. (देशी पोपट पाळणं हा गुन्हा आहे, ते वेगळं.)

मुळात तिखट ही चव नव्हेच, ती वेदना आहे. वेदना वाहून नेणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही१ नावाचं प्रथिन असतं. ते म्हणजे एक झडप. तापमान साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ती उघडते, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत घुसतात आणि मेंदूला निरोप जातो: भाजतंय! मिरचीतलं कॅप्सेसिन याच झडपेत जाऊन बसतं आणि काहीही गरम नसताना ती उघडतं. म्हणून तोंडाची ‘आग’ होते. अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं ही झडप १९९७ साली शोधली. २०२१ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा आहे.

पण मला त्याहून आवडतो तो २००२ मधला कोंबडीचा प्रयोग. कोंबडीकडेही ही झडप आहे. उष्णतेनं उघडते, आम्लानं उघडते, कॅप्सेसिनला मात्र दाद देत नाही. या प्रथिनाची साखळी पेशीच्या पटलातून सहा वेळा आरपार जाते. त्यातल्या दुसऱ्या ते चौथ्या फेरीदरम्यानचा उंदराचा तुकडा कोंबडीच्या प्रथिनात बसवला, आणि ती झडपही मिरचीला उघडायला लागली! म्हणजे फरक अख्ख्या झडपेचा नाही, कॅप्सेसिन जिथे बसतं त्या खोबणीचा आहे.

पक्ष्यांना न झोंबण्यात मिरचीचा फायदा काय? ॲरिझोनात रानमिरचीवर काम झालं, त्यात दिसलं की उंदरांच्या दाढांखालून गेलेलं बी रुजत नाही, पक्ष्याच्या पोटातून गेलेलं रुजतं. बी चिरडणाऱ्याला झोंबायचं, पसरवणाऱ्याला नाही. अमेरिकेत तर लोक पक्ष्यांच्या दाण्याला मुद्दाम तिखट लावतात, खारींनी खाऊ नये म्हणून.

आणखी एक गोची. कॅप्सेसिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, तेलात विरघळतं. नुसतं मिरचीचं पाणी म्हणजे बराचसा चोथा आणि थोडा वास. तिखट तेलात मुरवून साबणाच्या पाण्यात फेटलं तर टिकतं, तेही पाऊस येईपर्यंत. फवारताना वाऱ्याची दिशा बघा. ही झडप आपल्या डोळ्यांतही आहे.

पक्ष्यांना झोंबणारं रसायनही आहे: मिथाइल अँथ्रानिलेट. आपल्याला त्याचा द्राक्षाच्या गोळीसारखा गोड वास येतो. त्यांची तशीच दुसरी एक झडप, टीआरपीए१, त्यानं उघडते. ते उडून जातं, पुनःपुन्हा मारावं लागतं.

ऑनलाइन मिळणारी ‘पक्षी पळवणारी’ अल्ट्रासोनिक यंत्रं मात्र घेऊ नका. पक्ष्यांना आपल्याइतकाही उंच स्वर ऐकू येत नाही, श्रवणातीत आवाज त्यांना कुठून ऐकू येणार? कुत्री पळावीत म्हणून दारात लाल पाण्याच्या बाटल्या टांगणाऱ्यांच्याच पंगतीत ही यंत्रं बसतात. कुत्र्याला लाल रंग धड ओळखता येत नाही.

काकूंनी आता पेरू लहान असतानाच प्रत्येकावर जाळीची पिशवी बांधली आहे. पोपट हिरमुसले. खारीनं दोन पिशव्या कुरतडल्या, तेव्हा उरलेल्यांना त्यांनी बाहेरून तिखटाचं तेल चोपडलं.