हरळी की लव्हाळा? खुरपं चालवण्याआधी बघून घ्या

जून उलटला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या बागेत मोगऱ्या-तगरीच्या बुंध्याशी जे हिरवं पसरतं, त्याला माळीकाका सरसकट ‘गवत’ म्हणतात. त्यात बहुतेकदा दोन निरनिराळ्या वनस्पती असतात, आणि एकीचा उपाय दुसरीला चक्क मानवतो.

तुरा आला असेल तर त्याचा दांडा बोटांत फिरवा. तिधारी लागला तर लव्हाळा. हरळीचा दांडा गोलसर, नि वर एकाच जागेतून फुटलेले तीन ते सहा बारीक फाटे. तुरा नसेल तर जमिनीकडे बघा. हरळीची काडी सरपटत जाते आणि पेरापेराला मुळं धरते; लव्हाळ्याची चकचकीत पानं बुडातून तीन दिशांना निघतात. तरीही शंका असेल तर थोडं उकरा. काळसर, सुवासिक कंद मिळाला, तर तो दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा, म्हणजे लव्हाळाच.

हरळी तशी सोपी. गणपतीच्या दूर्वा तिच्याच, त्यामुळे उपटताना काहींचा जीव कचरतो, ते सोडा. तिला सावली सोसत नाही. माती ओली असताना लांबच्या लांब काड्या ओढून काढा. खुरप्याने तुकडे केलेत तर प्रत्येक पेर नवं रोप होतो. मग पुठ्ठ्याचे दोन-तीन थर आणि वर वीतभर पालापाचोळा. मातीतल्या पांढऱ्या काड्यांतून कडेने काही कोंब येतील, ते तेवढे उपटायचे.

लव्हाळ्याचं दुखणं जमिनीखाली आहे. त्याचे कंद तारेसारख्या बारीक मुळीने एकमेकांना जोडलेले असतात. साखळी अखंड असते तोवर टोकाचा कंद फुटतो आणि मागचे बरेचसे झोपलेले राहतात. खुरप्याने साखळी तुटली की तेही जागे होतात. काळं प्लास्टिक अंथरलं तर अणकुचीदार कोंब ते भोसकून वर येतो. पारदर्शक प्लास्टिकखाली मात्र कोंबाला उजेड मिळतो, पानं आतच उलगडतात आणि अडकून उन्हात शिजतात. म्हणून वाफा रिकामा असेल तर मार्च ते मेमध्ये माती भिजवा, पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीत गाडा आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवा. दोन इमारतींच्या मधल्या सावलीत हे जमणार नाही. तिथे, आणि झाडं उभी असलेल्या वाफ्यात, कोरड्या दिवसांत माती कुदळीने हलकेच उकरून कंद हाताने वेचायचे नि कडक उन्हात पूर्ण वाळवायचे. पावसाळ्यात दर पंधरवड्याला कोंब उपटत राहिलात तर कंदातला साठा संपत जातो. पण खंड पडला की नवे कंद धरतात. मीठ ओतायचा सल्ला कुणी देईल. त्याने मोगराही जाईल.

दोघांचाही काडीकचरा कंपोस्टच्या ड्रममध्ये टाकू नका. आणि लाल मातीची नवी गोणी आणलीत, तर वाफ्यात ओतण्याआधी चाळून घ्या. लव्हाळ्याचे कंद पुष्कळदा तिच्यातूनच येतात.