पार्श्वभूमी : रीमास्टर यायच्या आधीच मूळ गेम गायब

जुन्या गेमचा रीमास्टर, म्हणजे तोच गेम नव्या चित्रांसह, विकत घ्यावा का, या वादात गेली काही वर्षं एक दाखला हमखास पुढे येतो : रॉकस्टार कंपनीच्या ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ (जीटीए) मालिकेतल्या तीन जुन्या गेमची, म्हणजे ट्रिलॉजीची, ‘डेफिनिटिव्ह एडिशन’, नोव्हेंबर २०२१. तिच्यातल्या बगची, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या चुकांची, टिंगल पुष्कळ झाली. पण खेळाडूंच्या मुळावर आलेला निर्णय ती बाजारात येण्याच्या महिनाभर आधीच घेतला गेला होता.

त्याआधीचा इतिहास बराचसा गुण्यागोविंदाचा आहे. १९९३ मध्ये मारिओचे जुने भाग नव्या रंगरूपात एकाच कार्ट्रिजवर आले. २००९ मध्ये ‘मंकी आयलंड’च्या नव्या आवृत्तीत एक बटण दाबलं की मूळ गेमची जुनी चित्रं पडद्यावर यायची; २०११ च्या ‘हेलो’नेही तीच सोय दिली. २०१७ मध्ये ‘स्टारक्राफ्ट’चा रीमास्टर यायच्या काही महिने आधी मूळ गेम फुकट करून टाकला गेला. पैसे मोजायचे ते नव्या चित्रांचे, असा हा रोखठोक व्यवहार होता. २०२० मध्ये ‘वॉरक्राफ्ट ३’ने तो मोडला. नवी आवृत्ती न घेतलेल्यांच्या जुन्या गेमवरही नवं सॉफ्टवेअर येऊन बसलं आणि काही जुन्या ऑनलाइन सोयी गेल्या.

जीटीएच्या बाबतीत प्रकरण आणखी पुढे गेलं. ऑक्टोबर २०२१ च्या दुसऱ्या आठवड्यात ट्रिलॉजीची घोषणा झाली आणि १३ ऑक्टोबरपासून ‘जीटीए ३’, ‘व्हाइस सिटी’ आणि ‘सॅन अँड्रियाज’ हे तिन्ही मूळ गेम डिजिटल दुकानांतून काढले गेले. ज्यांनी आधी घेतले होते त्यांच्याकडे ते राहिले, नव्या माणसाला मात्र दार बंद. नव्या गेममधलं एकही दृश्य तोवर दाखवलेलं नव्हतं. म्हणजे काय मिळणार हे कळायच्या आत जे होतं ते गेलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत हौशी प्रोग्रामरांनी उलगडून पुन्हा लिहिलेला दोन गेमचा कोड कायदेशीर नोटिशीने इंटरनेटवरून उतरवला गेला होता, आणि सप्टेंबरमध्ये त्यांच्यावर कॅलिफोर्नियात दावाही दाखल झाला. काही जुन्या मॉडवरही, म्हणजे हौशी लोकांनी गेममध्ये केलेल्या फेरफारांवरही, गदा आली. प्रत्येक गोष्ट सुटी पाहिली तर मालकी हक्काचं रक्षण. एका ओळीत मांडली तर नव्या मालासाठी मैदान मोकळं करणं. दुसरं वाचन नाकारणं अवघड आहे. दोन आवृत्त्या शेजारी ठेवल्या की गिऱ्हाईक गोंधळतं, असा युक्तिवाद होऊ शकतो. गाण्यांच्या परवान्यांची अडचणही खरी आहे. २०१४ मध्ये एका अपडेटने ‘सॅन अँड्रियाज’च्या रेडिओवरची काही गाणी उडाली होती. पण त्यासाठी तिन्ही गेम सरसकट उचलायची गरज नव्हती.

आता नव्या मालाविषयी. त्याचा पाया प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवरच्या मूळ गेमपेक्षा नंतरच्या मोबाइल आवृत्त्यांवर बेतलेला होता, आणि जुनी चित्रं सॉफ्टवेअरच्या मदतीने आपोआप मोठी केलेली होती. पाट्यांवरच्या अक्षरांची वाट लागली. ‘टफ नट डोनट्स’ या दुकानावरचा बोल्टला लावतात तसा सहा कोनांचा अवाढव्य नट गुळगुळीत होऊन टायरसारखा गोल झाला. विनोद होता तो त्या कोनांत. पावसाच्या धारा इतक्या पांढऱ्याफटक की समोरचा रस्ता दिसेना. सगळ्यात महागात पडलं ते धुकं काढणं. प्लेस्टेशन २ ला मुख्य मेमरी ३२ एमबी. लांबचं जग तिला पेलत नव्हतं म्हणून ते धुरकट हवेत लपवलेलं होतं. त्या लपवण्यामुळेच ‘सॅन अँड्रियाज’ अख्ख्या राज्याएवढं वाटायचं. हवा स्वच्छ झाली आणि डोंगरावरून त्यातली तिन्ही शहरं एका नजरेत मावली, जणू तालुक्याचा नकाशा पसरून ठेवलाय. या सगळ्याची किंमत ६० डॉलर. वर पीसी आवृत्ती काही दिवस विक्रीतूनच मागे घ्यावी लागली.

१९ नोव्हेंबरला रॉकस्टारचा माफीनामा आला. जुने पीसी गेम कंपनीच्याच दुकानात परत ठेवू, आणि ३० जून २०२२ पर्यंत तिथून पीसीसाठी नवी ट्रिलॉजी घेणाऱ्यांना ते फुकट देऊ, असं त्यात होतं. कन्सोलवाल्यांच्या वाट्याला जुन्यातलं काही आलं नाही.

आपल्याकडे ‘व्हाइस सिटी’ सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने किंवा नकली सीडीवर खेळून मोठी झालेली पिढी आहे, आणि तिच्यातले पुष्कळजण तो गेम पहिल्यांदा कायदेशीरपणे विकत घ्यायच्या वयाला याच सुमारास आले होते. मूळ गेम एक जीबीच्या आत मावायचा आणि ३२ एमबीच्या ग्राफिक्स कार्डावर चालायचा. नव्या ट्रिलॉजीला ४५ जीबी जागा लागते. घरातल्या जुन्या लॅपटॉपवर ती चालवण्याचा प्रश्नच मिटला.

उपलब्धतेची अडचण एका मालिकेपुरती नाही. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी सुमारे ८७ टक्के आज रीतसर विकत मिळत नाहीत, असं २०२३ मध्ये तिथल्याच एका पाहणीत दिसलं. म्हणून रीमास्टर सरसकट वाईट म्हणता येत नाही. अनेक गेम केवळ त्यामुळे चालू यंत्रांवर टिकून आहेत.

ट्रिलॉजीची दुरुस्ती मात्र रखडत झाली. डिसेंबर २०२३ च्या मोबाइल आवृत्तीत जुन्या धाटणीचा प्रकाश आला. कन्सोल आणि पीसीवाल्यांना, म्हणजे पहिल्या दिवशी पूर्ण पैसे मोजलेल्यांना, तो नोव्हेंबर २०२४ मध्ये मिळाला, आणि त्याच्याबरोबर धुकंही.