मुक्या फुलाचा वास आणि लिलियलबंदी

१ मार्च २०२२ पासून युरोपीय संघात लिलियल हा प्रयोगशाळेत बनवलेला सुगंधी रेणू असलेलं कुठलंही सौंदर्यप्रसाधन विकता येत नाही. कृत्रिम वास गेला, आता नैसर्गिक येईल, असा याचा अर्थ कुणी काढला तर तो चुकेल. लिलियल ज्या फुलासाठी वापरलं जायचं, त्या फुलाचा वापरण्याजोगा अर्क निघतच नाही.

ते फूल म्हणजे लिली ऑफ द व्हॅली. मे महिन्यात सावलीत फुलणाऱ्या इवल्या पांढऱ्या घंटा. वाफेवर काढा, द्रावकात भिजवा, अत्तरात घालता येईल असं काही हाती लागत नाही. फ्रेंच अत्तरकार अशा फुलांना ‘मुकी फुलं’ म्हणतात. गुलाब महाग असला तरी बोलका आहे. किलोभर तेलासाठी साडेतीन-चार टन फुलं लागतात, पण तेल मिळतं. तिथे प्रयोगशाळेतला रेणू हा पर्याय असतो. मुक्या फुलाला मात्र तोच एक आवाज.

हा मार्ग सापडला व्हायोलेटच्या निमित्ताने. १८९३ मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ आयरिसच्या मुळांचा व्हायोलेटसारखा वास उलगडायला बसले आणि त्यांच्या हाती आयोनोन, म्हणजे व्हायोलेटच्या वासाचा रेणू लागला. कच्चा माल होता सिट्रल, म्हणजे गवती चहाला ज्याचा वास येतो तेच. पुढे बराच काळ केरळच्या गवती तेलातून निघालेल्या सिट्रलपासून युरोपात व्हायोलेट घडत होतं.

लिली ऑफ द व्हॅलीला आवाज मिळाला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हायड्रॉक्सीसिट्रोनेलाल या कृत्रिम रेणूमुळे. १९५० च्या दशकात लिलियल आलं, त्यानंतर लिरल. कागदी पट्टीवर लिलियलचा थेंब घेतला की आधी फूल जाणवतच नाही. पाणी जाणवतं, मग ताज्या कापलेल्या काकडीसारखं काहीतरी, आणि थोड्या वेळाने त्या ओलाव्यातून पांढरं फूल वर येतं. इतका स्वच्छ वास असल्यामुळे तो महागड्या बाटलीपुरता राहिला नाही. शाम्पू, साबण, क्रीम, सगळीकडे गेला.

बंदीचं मूळ नेमकं याच सर्वव्यापीपणात आहे. उंदरांना तोंडावाटे दिलेल्या मात्रांवरून लिलियल प्रजननाला घातक ठरवलं गेलं. युरोपीय वैज्ञानिक समितीने २०१९ मध्ये दिलेलं मत सावकाश वाचण्यासारखं आहे. ठरावीक मात्रेत एकेक उत्पादन सुरक्षित मानता येतं, पण एकाच माणसाने दिवसभरात वापरलेल्या सगळ्या उत्पादनांची बेरीज सुरक्षित म्हणता येत नाही. ही बेरीज ढोबळ, पहिल्या पायरीची होती.

इथे शब्दांचाही गुंता आहे. मराठीत आपण सरसकट ‘धोका’ म्हणतो, कायद्यात मात्र घातकता आणि जोखीम वेगळी. विळीला धार आहे ही घातकता. बोट कापेल का, हे कोण, कसं, किती चिरतंय त्यावर ठरतं, ती जोखीम. युरोपच्या प्रसाधन कायद्यात पदार्थ प्रजननाला घातक ठरून वरच्या श्रेणीत गेला की बंदी हाच नियम, सूट हा अपवाद. ती सूट लिलियलला मिळाली नाही. बेरजेचा प्रश्न खरा आहे आणि सावधगिरीही मला मान्य आहे. पण अत्तरातला अंश आणि रोज अंगभर चोळायचं क्रीम यांना एकच माप लावलं, हे मला आजही पटत नाही. मात्रेची मर्यादा घालता आली असती. हायड्रॉक्सीसिट्रोनेलालला ॲलर्जीच्या कारणावरून तशीच मर्यादा आहे.

अंमलबजावणीतही फरक झाला. ॲलर्जीमुळे बंद झालेल्या लिरलला दोन टप्पे मिळाले: ऑगस्ट २०१९ पासून नवा माल बंद, जुना विकायला ऑगस्ट २०२१ पर्यंत मुदत. लिलियलच्या बाबतीत दुकानातला मालही त्याच दिवशी बाद झाला.

आता त्या जागी नवे रेणू आलेत. कुणी लिलियलचा ओलावा आणतो, कुणी गोडवा. दोन्ही एकत्र हवं तर अत्तरकाराला मिश्रण बांधावं लागतं. जुन्या अत्तरांची सूत्रं बदलली, नावं तीच राहिली. घरात २०२२ पूर्वीची युरोपातली बाटली असेल तर खोक्यावरची घटकांची यादी पाहा. तिथे लिलियल ‘ब्युटिलफेनिल मेथिलप्रोपिओनल’ या नावाने असतं.